समुपदेशक हवा, पण कोणाच्या शाळेत?

बँकेतील किंवा संगणक-कंपनीतील पंधरा-वीस वर्षांची नोकरी सोडून शाळेत समुपदेशक होऊ पाहणारी माणसे आता पुण्या-मुंबईत दुर्मीळ राहिलेली नाहीत. कोणी अभियंता असतो, कोणी कंपनीत माणसांची भरती आणि कपात करून कंटाळलेली बाई असते, तर कोणी हयातभर फळ्यापुढे उभी राहिलेली शिक्षिका असते. पगाराच्या आकड्यापेक्षा कामाचा अर्थ मोठा वाटू लागणे ही सुखवस्तू मध्यमवर्गाची चैन आहे, असे म्हणून या मंडळींची थट्टा करणे सोपे आहे आणि चळवळीतील कार्यकर्त्यांना तो मोह होतो, हेही खरे. परंतु ज्या कामाकडे ही माणसे वळत आहेत ते काम खरोखरीच गरजेचे आहे. त्या कामाला माणसे मिळू लागली असताना ती नेमकी कोणत्या मुलांपर्यंत पोचतात, हा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते; हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. पुढील वर्षी, २०२२ मध्ये, देशातील आकडा १३,०४४ झाला. त्याच वर्षी परीक्षेतील अपयश हे कारण म्हणून नोंदले गेलेले मृत्यू २,२४८ होते, म्हणजे विद्यार्थ्यांच्या एकूण मृत्यूंच्या तुलनेत साधारण सहाव्या हिश्श्याइतके. मार्च महिन्यात वर्तमानपत्रांतून ‘परीक्षेचा ताण कसा टाळावा’ यावर जे लेख येतात, त्यांना उरलेल्या पाच हिश्श्यांचा पत्ताच नसतो. २०२१ च्या त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. आत्महत्या करणाऱ्यांत सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. त्यांची संख्या ४२,००४ भरली. विद्यार्थ्यांचा रकाना आणि रोजंदारांचा रकाना ही छापण्याची सोय आहे. प्रत्यक्षात हे दोन रकाने पुष्कळदा एकाच घरात राहतात.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टण येथे प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे. निकाल स्वागतार्ह आहे. मात्र नेमणुकीचा पैसा कोणी द्यायचा, हे न्यायालय ठरवीत नसते. ते अंदाजपत्रक ठरवीत असते. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टातही ‘शंभर’ हाच आकडा आहे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील, तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे ते परिशिष्ट सांगते. समुपदेशकाचे नाव त्यात नाही.

हा व्यवसाय ज्या माणसाने जन्माला घातला, तो स्वतः व्यवसाय बदलत बदलतच तेथवर पोचला होता, ही गोष्ट नव्याने या वाटेला येणाऱ्यांना क्वचितच सांगितली जाते. फ्रँक पार्सन्स हा अमेरिकन गृहस्थ १८५४ साली जन्मला आणि शिकला स्थापत्य अभियांत्रिकी. रेल्वे कंपनीत नोकरीला लागला, तर १८७३ च्या मंदीत ती कंपनीच बुडाली. मग त्याने लोखंडाच्या कारखान्यात मजुरी केली, शाळेत शिकवले, कायद्याचा अभ्यास करून वकिली केली, कायद्याची पाठ्यपुस्तके लिहिली, बोस्टन विद्यापीठात कायदा शिकवला. १८९५ मध्ये तो बोस्टनच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि पडला. पाणी, वीज, ट्राम, रेल्वे ही लोकांच्या मालकीची असली पाहिजेत, हा त्याचा आयुष्यभराचा आग्रह होता आणि त्यावर त्याने ग्रंथ लिहिले. अखेरीस बोस्टनच्या स्थलांतरित मजुरांच्या वस्तीतील एका सेवाकेंद्रात तो तरुण मुलांशी बोलू लागला. चौदा-पंधराव्या वर्षी शाळा सोडून जी नोकरी पुढ्यात येईल ती पकडणारी, सहा महिन्यांत ती सोडणारी ही मुले होती. जानेवारी १९०८ मध्ये त्याने तेथे व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाले. तरुणाने स्वतःला ओळखावे, कामांच्या जगाची खरी माहिती मिळवावी आणि दोहोंचा नीट विचार करून निर्णय घ्यावा, एवढेच त्याचे साधे सूत्र होते.

यातील दुसरा भाग, म्हणजे कामांच्या जगाची खरी माहिती, पार्सन्सने ग्रंथालयात मिळवलेली नव्हती. कारखान्याच्या भट्टीपुढे उभे राहिल्यावर माणसाचे काय होते, हे त्याला ठाऊक होते. मंदी आली की हुशार आणि मठ्ठ दोघेही एकाच दिवशी बेकार होतात, हेही त्याने सोसले होते. शाळेच्या समुपदेशकाने दुसऱ्या क्षेत्रातून यावे, याचे खरे समर्थन हे आहे. शाळेतून महाविद्यालयात आणि महाविद्यालयातून पुन्हा शाळेत, असा ज्याचा प्रवास झाला, त्याला कामांचे जग केवळ जाहिरातींतून माहीत असते. ज्याने बँकेच्या काउंटरवर कर्जबाजारी शेतकऱ्याशी बोलणी केली आहेत किंवा कंपनीत चाळीस जणांना एका दुपारी घरी पाठवल्याचे पाहिले आहे, त्याच्यापाशी मुलांना सांगण्यासारखे काही असते. अर्थात ते ऐकवण्याआधी मुलाचे ऐकून घेण्याची सवय त्याला लावून घ्यावी लागते. मराठीत रूढ झालेल्या ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडून बसला आहे, हे एक दुर्दैवच. हे काम मुख्यतः ऐकण्याचे आहे. आयुष्यभर हुकूम देण्याची किंवा व्याख्यान देण्याची सवय झालेल्या माणसाला प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज येथेच असते.

पार्सन्सनंतर अमेरिकेत या कामाचे जे झाले, तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सोव्हिएत रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर तेथील सरकारने १९५८ चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणावर भरघोस पैसा खर्च केला. हेतू हा की, विज्ञान आणि गणितात चमकणारी मुले हुडकून काढावीत. मजुरांच्या मुलांसाठी सुरू झालेले काम शीतयुद्धासाठी बुद्धिमत्तेची चाळणी लावण्याचे साधन झाले. ज्याच्या हाती पगार, त्याच्या हाती कामाची दिशा, हा नियम समुपदेशनालाही चुकलेला नाही.

आपल्याकडे या कामाची शिफारस झाली नाही असे नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची व्यवस्था असावी, असे म्हटले. १९५४ साली दिल्लीत शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्रीय कार्यालय स्थापन झाले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर व्यवहाराला धरून किमान योजना सुचवली : दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता त्या माणसाला खेड्यातील शाळा म्हणजे काय, हे दिल्लीतील अधिकाऱ्याने शिकवण्याची गरज नव्हती. प्रत्येक शाळेला समुपदेशक देणे परवडणार नाही, हे मान्य करूनच दहा शाळांना एक, हे प्रमाण ठरवले गेले होते. सहा दशके होत आली, तरी ते किमान प्रमाणही गाठले गेलेले नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शक समुपदेशक हे नियमित पद आहे, ही एक सन्माननीय वाट. इतरत्र पाहावे, तर केंद्रीय विद्यालयांत दरवर्षी मुलाखती घेऊन वर्षभराच्या कराराने समुपदेशक नेमले जातात आणि पुढील वर्षी तीच माणसे पुन्हा रांगेत उभी राहतात. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या लाखो मुलांची कलचाचणी घेतली गेली. मुलाचा कल कागदावर उमटला. तो कागद हाती घेऊन ज्याच्याशी बोलावे असा माणूस बहुतेक शाळांत नव्हता.

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या गरजेमागे पैसा उभा असतो, तिलाच बाजार मागणी म्हणून ओळखतो. समुपदेशकाची गरज सर्वाधिक कोठे आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आश्रमशाळा, महापालिकेच्या शाळा, साखरपट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या शाळा डोळ्यांसमोर आहेतच. मागणी मात्र आहे ती भरमसाट फी घेणाऱ्या शाळांची. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या संलग्नता-नियमांत समुपदेशकाची अट आहे. शिवाय पालकांना दाखवण्याच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो शोभतो. त्यामुळे नोकरी सोडून आलेला माणूस, मनात कितीही कणव असली तरी, शेवटी जेथे खुर्ची असते तेथेच बसतो. यात त्याचा दोष काय?

शिवाय व्यवसाय बदलणे हेही फुकट होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची मार्गदर्शन-समुपदेशनाची पदविका एक वर्षाची आहे. सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष राहून अभ्यास आणि तीन महिने अनुभवकार्य, अशी तिची रचना आहे. अभ्यासक्रम चांगला आहे. परंतु ते वर्ष बिनपगारी किंवा निम्म्या पगारावर काढू शकतो कोण? ज्याचे घराचे हप्ते फिटले आहेत किंवा ज्याच्या घरी दुसरा पगार येतो, तो. अंगणवाडीत वीस वर्षे घालवलेली सेविका, रात्रशाळेत शिकवणारा कामगार, ऊसतोडीच्या तळांवर मुलांना शिकवून आलेला शिक्षणमित्र यांच्यापाशी या कामाला लागणारा अनुभव अभियंत्यापेक्षा कमी नसतो. पण त्यांना एक वर्षही परवडत नाही आणि अनेकदा प्रवेशाची शैक्षणिक पात्रताही आड येते. व्यवसाय बदलण्याचे स्वातंत्र्यसुद्धा वर्गावर अवलंबून असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील असंख्य कामगारांनी व्यवसाय बदललेच. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रखवालदार झाला, कोणी कोकणात परतला. त्यांच्या त्या बदलाला कोणी नव्या आयुष्याचा शोध म्हटले नाही, आणि त्यांच्या मुलांशी शाळेत कोणी दोन शब्द बोलले नाही.

ऊसतोडीचा प्रश्न येथे थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण समुपदेशकाने काय जाणले पाहिजे याचा तो कसून घेतलेला नमुना आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायकोच्या या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. जोडी असेल तर उचल अधिक, म्हणून मुलाचे लग्न लवकर, आणि मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून तिचेही लवकर. नववीतली मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली नाही, तर हजेरीपटावर तो केवळ गैरहजेरीचा शेरा असतो. तिच्या वर्गात बसून ‘तुझे आवडते क्षेत्र कोणते’ अशी प्रश्नावली भरून घेणारा समुपदेशक निरुपयोगी आहे. तिची उचल कोणी घेतली, हंगामी वसतिगृहात तिची सोय झाली का, आजी घरी आहे का, लग्नाची बोलणी चालू आहेत का, हे ज्याला विचारता येते आणि उत्तर मिळाल्यावर ग्रामसेवकाकडे, बालविवाह प्रतिबंधाच्या यंत्रणेकडे जाता येते, तो खरा समुपदेशक. मानसशास्त्राचे ज्ञान त्याला हवेच. पण गावात परके न वाटण्याचे ज्ञान अधिक हवे. हे ज्ञान असलेली माणसे चळवळीत आहेत. प्रशिक्षणाच्या दारातून आत येण्यासाठी त्यांना कोणी हात दिलेला नाही.

चळवळीतील काहींचा आक्षेप असा असतो की, समुपदेशन ही मलमपट्टी आहे. दुःखाचे मूळ व्यवस्थेत असताना मुलाला ‘तू तुझा दृष्टिकोन बदल’ असे सांगणे म्हणजे अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि फी भरणाऱ्या शाळांतील बरेचसे समुपदेशन त्या जातीचे असतेही. परंतु मूळ उपटले जाईपर्यंत चौदा वर्षांच्या मुलाने थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. खाणीतील हवा सुधारावी म्हणून संघर्ष करणाऱ्यांनी खाणकामगाराच्या खोकल्यावर औषध देऊ नये, असे कधी म्हटलेले नाही. उलट दहा शाळांतून फिरणारा, मुलांचे ऐकून टिपणे ठेवणारा माणूस तालुक्यातील दारिद्र्याची जी नोंद करील, ती कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा खरी असेल. ती नोंद चळवळीच्याही कामाची आहे.

सर्वांत कळीचा मुद्दा नोकरीच्या शाश्वतीचा आहे. शाळेतील पेटीत चिठ्ठी टाकून मुलगी एखाद्या शिक्षकाविरुद्ध तक्रार करते. ती पेटी उघडणारा माणूस संस्थाचालकाच्या मर्जीवर अकरा महिन्यांच्या कराराने नेमलेला असेल, तर त्याने काय करावे? बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा स्पष्ट आहे : गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेतील दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाले, तेव्हा हजारो लोकांना रेल्वेमार्गावर उतरावे लागले आणि माहिती न कळवल्याबद्दल संस्थेच्या विश्वस्तांवरही गुन्हा नोंदवावा लागला. संस्थेची अब्रू आणि मुलाची सुरक्षितता यांत जेव्हा निवड करावी लागते, तेव्हा करारावरचा समुपदेशक संस्थेविरुद्ध उभा राहील, ही अपेक्षा त्याच्या वीरत्वावर विसंबलेली आहे. आणि वीरत्व हे काही कोणत्या सेवाशर्तींत लिहिता येत नाही. म्हणून त्याची नेमणूक आणि बदली शाळेच्या हाती नसावी. त्याचे पद मंजूर, कायम आणि जिल्ह्याच्या पातळीवरचे असावे. कायम पदाची मागणी येथे कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी नाही. मुलाने त्याला सांगितलेली गोष्ट दडपली जाऊ नये, याची ती हमी आहे.

येथे सरकारचा अनुभव सावध करणारा आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि शिक्षकाच्या पगाराच्या जागी मानधन हा शब्द आला. ते मानधन २०२३ मध्ये वाढले, तेव्हाही प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये एवढेच ठरले. समुपदेशकाच्या बाबतीत तर पुढचेही टोक गाठले जाण्याचा संभव आहे. नोकरीतून बाहेर पडलेली सुस्थित माणसे आठवड्यातून दोन दिवस ‘सेवा’ म्हणून येतील, शाळा त्यांचे आभार मानील आणि सरकार न्यायालयाला सांगेल की, तत्त्वांचे पालन झाले. स्वेच्छेने येणाऱ्यांच्या भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. पण सोमवारी रडत आलेल्या मुलाने समुपदेशकाच्या गुरुवारची वाट पाहायची काय?

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून साधा हिशेब मांडावा. महाराष्ट्रात एक लाखाहून काही अधिक शाळा आहेत. कोठारी आयोगाच्या प्रमाणाने दहा हजारांच्या आसपास फिरते समुपदेशक लागतील. प्रत्येकी दरमहा ५०,००० रुपये धरले, तर वर्षाला ६०० कोटी रुपये होतात. राज्याचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सात लाख कोटींच्या घरातले होते. म्हणजे सरकारी खर्चाच्या हजार रुपयांमागे एक रुपयासुद्धा नाही. प्रशिक्षणकाळात विद्यावेतन द्यावे, ग्रामीण आणि कष्टकरी कुटुंबांतून आलेल्यांसाठी व अंगणवाडी सेविकांसारख्या अनुभवी कार्यकर्त्यांसाठी जागा राखाव्यात, पदवी नसलेल्यांसाठी अनुभवाच्या आधारे पूर्वतयारीचा वर्ग काढावा, ही भर घातली तरी हिशेब फारसा बिघडत नाही. अभियंत्याने यावे, बँकेतल्या बाईंनी यावे. मात्र त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर गेवराईची सेविकाही प्रशिक्षणाला बसलेली असावी.

यासाठी मुंबईच्या मोर्चाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम कायद्याने या समितीकडे सोपवले आहे. अनेक ठिकाणी पक्षाचे कार्यकर्ते पालक म्हणून या समितीत आहेत. आराखड्यात भिंतीचा रंग असतो, संगणकाची मागणी असते, पाण्याची टाकी असते. समुपदेशकाचे पद त्यात लिहिले गेल्याचे सहसा दिसत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर समितीच्या पहिल्याच बैठकीत तो ठराव झाला, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून त्याची पोच घेतली गेली आणि शेजारच्या नऊ शाळांच्या समित्यांनीही तोच ठराव केला, तर दिवाळीत टोळ्या निघण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढे दहा शाळांची एक लेखी मागणी ठेवता येईल.